बिघाड गुणाकाराने, दुरुस्ती बेरजेने

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १३,००,७७४ भरली. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट आणि वर्धा या आठही तालुक्यांतल्या प्रत्येकाला, अगदी पाळण्यातल्या बाळालाही, सहा-सहा कॉम्प्युटर वाटायचे ठरवले तर ७८ लाख लागतील. १९ जुलै २०२४ या एका दिवशी जगभरात एकाच कारणाने जेवढे कॉम्प्युटर बंद पडले, त्यातून हे वाटप पूर्ण होऊन वर जवळपास सात लाख उरले असते. मायक्रोसॉफ्टने त्या दिवसाचा आकडा सांगितला ८५ लाख. तो सांगताना कंपनीने हेही सांगून टाकलं, की जगातल्या एकूण विंडोज यंत्रांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो टक्का कुठला, हे पाहायला हवं. महागडं सुरक्षा सॉफ्टवेअर विकत घेऊ शकणाऱ्या विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं, वृत्तवाहिन्या, आणीबाणीच्या फोनसेवा, यांचे ते कॉम्प्युटर होते.

क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ‘फाल्कन’ नावाच्या सॉफ्टवेअरला गेलेलं एक छोटं अपडेट या सगळ्याच्या मुळाशी होतं. आपल्याकडच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती तेव्हा ते सुटलं, आणि १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ते मागे घेतलं. मध्ये गेली ७८ मिनिटं. ८५ लाखांना ७८ने भागलं की मिनिटाला १ लाख ९ हजार येतात आणि सेकंदाला १,८१६. वर्धा शहराची लोकसंख्या १,०६,४४४ आणि हिंगणघाटची १,०१,८०५. माणशी एक कॉम्प्युटर धरला, तर दर मिनिटाला अख्खं वर्धा शहर बंद पडत होतं, आणि असं लागोपाठ ७८ वेळा घडलं.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्या सकाळी पावणेदहाला उघडतात. अपडेट सुटलं ते त्याच्या सहा मिनिटं आधी. तरीही त्या दिवशी सातबारा किंवा जातीचा दाखला अडायला नको होता, कारण सरकारी कारभार ज्या जाळ्यावर चालतो त्या एनआयसीला धक्का बसला नसल्याचं केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. रिझर्व्ह बँकेनेही फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचं सांगितलं. मार बसला तो विमानतळांवर. एकट्या इंडिगोची सुमारे २०० उड्डाणं रद्द झाली आणि देशभरात प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीची सात हजार उड्डाणं पाच दिवसांत रद्द झाली आणि तिच्याच म्हणण्यानुसार १३ लाख प्रवासी अडकले. वर्धा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस विमानतळावर अडकून पडला असता, तर जेवढी गर्दी झाली असती तेवढी ही एका कंपनीची.

माजघरातला पाहुणा

एका छोट्या अपडेटने एवढं कसं घडलं, हे कळायला आधी ड्रायव्हर समजून घेऊ. दुकानात कॉम्प्युटर घेऊन गेलं की कारागीर म्हणतो, “ड्रायव्हर उडालाय.” हा ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय, साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्ड यांसारख्या प्रत्येक भागाशी विंडोजच्या वतीने बोलणारा छोटा प्रोग्रॅम. तो बहुधा मायक्रोसॉफ्टने लिहिलेला नसतो. ज्याने तो भाग बनवला त्या कंपनीने लिहिलेला असतो. तरीही त्याला मोठा अधिकार मिळतो.

जुन्या वाड्यात आल्यागेल्याला ओसरीवर बसवत आणि माजघरात फक्त घरची माणसं जात. विंडोजमध्ये वर्ड, एक्सेल, ब्राउझर हे सगळे ओसरीवरचे. त्यातला एखादा बेशुद्ध पडला तर त्याला उचलून बाहेर नेता येतं, घर चालू राहतं. ड्रायव्हर मात्र माजघरात वावरतो. या माजघराला कर्नल म्हणतात. तिथे हात घातला की सगळ्यांची मेमरी, सगळ्यांच्या फायली, सगळं हाताशी असतं. तिथे ड्रायव्हरने चुकीच्या जागी हात घातला, तर विंडोज त्याला समजावत बसत नाही. डेटा बिघडण्याआधी स्वतःहून सगळं बंद करतं आणि निळा पडदा दाखवतं. निळी स्क्रीन हा बिघाड वाटतो, पण असते ती सावधगिरी. कॉम्प्युटरने स्वतःच्या हाताने लावलेला तो ब्रेक असतो.

हा निर्णय किती वेळात होतो? साध्या ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देतं. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाश जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेला ड्रायव्हर पकडला जाणं आणि यंत्र थांबवण्याचा निर्णय होणं, हे आपली पापणी लवायच्या आत उरकलेलं असतं.

अँटिव्हायरसलाही माजघरातच बसावं लागतं, कारण चोर तिथे शिरला तर ओसरीवरून तो दिसत नाही. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी वाढवलेलं क्विक हील असो, नाहीतर अमेरिकेतलं फाल्कन, पहारा द्यायचा तर आत जागा हवी. पहारेकरी जितका आत, तितकं त्याचं चुकणं महाग. १९ जुलैच्या त्या शुक्रवारी नेमकं तेच झालं.

वीस आणि एकवीस

फाल्कनचा ड्रायव्हर कायम आत बसलेला असतो. नवनव्या हल्ल्यांची लक्षणं त्याला अधूनमधून छोट्या फायलींतून पाठवली जातात. त्यातली एक ‘चॅनेल फाइल २९१’. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा ती कितीतरी लहान होती. कंपनीने नंतर केलेल्या तपासात जे निघालं ते एका ओळीत मावतं: फाइल २१ गोष्टी तपासायला सांगत होती आणि ड्रायव्हरला माहिती मिळत होती २०. एकविसावी गोष्ट वाचायला तो पुढे गेला, तिथे त्याच्या मालकीचं काही नव्हतं, आणि विंडोजने ब्रेक दाबला. पडद्यावर उमटलं ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’.

हा फरक त्या दिवशी जन्मला नव्हता. फेब्रुवारी २०२४पासून तो तिथेच होता. मार्चमध्ये चाचणी झाली, एप्रिलमध्ये याच जातीची आणखी तीन अपडेट सुखरूप गेली. कारण तोवर प्रत्येक वेळी एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो रकाना वाचायची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा तिथे खरोखर काही तपासायला सांगितलं. फाइल तपासून पुढे सोडणारा जो वेगळा प्रोग्रॅम होता, तोही २१ रकाने आहेत असंच धरून चालला होता. त्याने फाइल पास केली. पाच महिने दबा धरून बसलेली एकाची चूक ७८ मिनिटांत ८५ लाखांची झाली.

पॅरामेट्रिक्स या विमा-विश्लेषण कंपनीने अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांचं, त्यातून मायक्रोसॉफ्ट वगळून, थेट नुकसान ५४० कोटी डॉलर धरलं. तेव्हाच्या दराने हे सुमारे ४५ हजार कोटी रुपये होतात.

ही चूक जुनीच

ड्रायव्हरमुळे यंत्र बसणं ही काही २०२४ची नवलाई नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोत कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ला स्कॅनर जोडून दाखवला. ड्रायव्हर आपोआप बसतो, हे दाखवण्यासाठीच तो जोडला होता. भरसभेत निळी स्क्रीन आली.

२००३मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या निबंधात नोंद आहे, की विंडोज एक्सपीच्या तेव्हा नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होते. एक्सपीच्या कॉम्प्युटरांवर तेव्हा ३५ हजारांहून जास्त वेगवेगळे ड्रायव्हर आणि त्यांच्या १ लाख २० हजारांहून जास्त आवृत्त्या नांदत होत्या. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीमध्ये ड्रायव्हरांच्या ओळींमधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या सातपटीपर्यंत आढळलं होतं. यात ड्रायव्हर लिहिणारे अडाणी असतात असं नाही. कर्नलचा गाभा हजारो डोळ्यांखालून रोज जातो; एखाद्या स्वस्त वायफाय कार्डाचा ड्रायव्हर चार-पाच जण लिहितात आणि कार्ड विकलं गेलं की दुसऱ्या कामाला लागतात.

विंडोज व्हिस्टाचा अनुभव तर न्यायालयात जाऊन पोहोचला. एका दाव्यात बाहेर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदांत २००७मधल्या बिघाडांचा हिशेब होता. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या खात्यावर ४,७९,३२६ बिघाड होते, म्हणजे एकूण बिघाडांच्या २८.८ टक्के. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर होते १७.९ टक्के.

मग सगळे ड्रायव्हर तपासूनच का सोडत नाहीत? तपासतात, पण किती तपासणार? २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, की विंडोज १० तेव्हा ७० कोटी यंत्रांवर चालत होतं आणि त्यांत यंत्रभाग आणि ड्रायव्हर यांच्या १ कोटी ६० लाख वेगवेगळ्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीला फक्त एक मिनिट दिलं आणि दिवसरात्र न थांबता तपासत राहिलं, तरी एका टेबलावर ३० वर्षं लागतात. तीस वर्षांनी त्यातला एकही ड्रायव्हर बाजारात उरलेला नसेल.

एका ड्रायव्हरच्या पोटातही असंच रान असतं. ‘असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ असे एकमेकांशी संबंध नसलेले ३० फाटे असले, की वाटा होतात १०७ कोटी. फाटे ६० झाले, की वाटा होतात १ वर १८ शून्यं यांहूनही जास्त. सेकंदाला दहा लाख वाटा तपासणारं यंत्र बसवलं तरी ते काम संपायला साडेछत्तीस हजार वर्षं जातील. फाटे दुप्पट झाले, पण वाटांचा गुणाकार हाताबाहेर गेला. म्हणून मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी वेगळा रस्ता धरला. वाटा एकेक चालून पाहण्याऐवजी, ड्रायव्हर अमुक नियम मोडू शकतो का, हे गणिती सिद्धतेने तपासायचं. त्यातून ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन निघालं. पण असं साधन त्याला सांगितलेले नियमच तपासतं. न सांगितलेल्या नियमाच्या फटीतून चूक निसटायची ती निसटतेच.

एक दिलासा मात्र आकड्यांनीच दिला. बिघाड झाला की ‘एरर रिपोर्ट पाठवू का?’ असं विंडोज विचारायचं, आणि आपण बहुधा वैतागून ‘नको’ म्हणायचो. ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांच्या अहवालांतून २००२मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी सांगितलेला हिशेब असा: २० टक्के चुका ८० टक्के बिघाड घडवतात, आणि फक्त १ टक्का चुका निम्मे बिघाड घडवतात. हजार चुकांपैकी नेमक्या दहा शोधून दुरुस्त केल्या, की निम्मा त्रास संपतो. बिघाडाच्या गुणाकाराविरुद्ध आपल्या बाजूने चालणारा गुणाकार असेल तर तो हा.

आठशे पंच्याऐंशी वर्षं

आता त्या शुक्रवारच्या दुरुस्तीचा हिशेब मांडू. कंपनीने अपडेट १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतलं, पण जो कॉम्प्युटर उघडायच्या आतच कोसळतो, त्याच्यापर्यंत सुधारलेली फाइल पोहोचणार कशी? उपाय सोपा होता: सेफ मोडमध्ये (फक्त गरजेच्या ड्रायव्हरांवर उघडणाऱ्या विंडोजमध्ये) जा, विंडोजच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या खणात शिरा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसा, पुन्हा चालू करा. पाच ओळींचा उपाय, पण प्रत्येक यंत्रासमोर माणूस हवा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या काही ग्राहकांनी तर यंत्र पुनःपुन्हा, कुणी पंधरा वेळांपर्यंत, बंद-चालू केलं, तेव्हा कुठे नवी फाइल कोसळण्याच्या आधी आत शिरली.

यंत्रागणिक १५ मिनिटं धरू. ८५ लाख यंत्रांना १२ कोटी ७५ लाख मिनिटं, म्हणजे २१ लाख २५ हजार तास. दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस काम करणाऱ्या एका माणसाला यासाठी ८८५ वर्षं लागतील. जुलै २०२४ला काम संपवायचं असतं, तर त्याने इसवी सन ११३९ला सुरुवात करायला हवी होती. देवगिरीचं राज्य तेव्हा उभं राहायचं होतं. १२९०मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा या बिचाऱ्याची दीडशे वर्षं भरली असती आणि सातशेहून अधिक बाकी असती.

बिघडायला ७८ मिनिटं, निस्तरायला ८८५ माणूस-वर्षं. ही विषमता संगणकाच्या जगात पुनःपुन्हा दिसते. बिघाड तारेवरून जातो, म्हणून तो गुणाकाराने वाढतो. दुरुस्ती माणसाच्या हातून होते, म्हणून ती एक अधिक एक अधिक एक अशी बेरजेने सरकते. जगभरातले लाखो हात एकदम कामाला लागले म्हणून २५ जुलैपर्यंत ९७ टक्के यंत्रं परत आली. डेल्टाच्या प्रमुखांनी सांगितलं, की त्यांच्या माणसांना ४० हजार सर्व्हर हाताने सुरू करावे लागले.

त्यातही एक कुलूप आडवं आलं. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर बिटलॉकर असतं. चोरलेल्या लॅपटॉपमधला डेटा वाचता येऊ नये म्हणून. सेफ मोडमध्ये जाताना ते ४८ आकडी किल्ली मागतं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती अंदाजाने लावायची म्हटली, तर शक्यता आहेत ३४ वर ३७ शून्यं इतक्या. सेकंदाला अब्ज किल्ल्या लावून पाहणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या लावून पाहायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ७८ हजार कोटी पट काळ जाईल. त्यामुळे अंदाजाचा प्रश्न नव्हता. किल्ली कुठेतरी लिहून ठेवलेली हवी. आणि ती जिथे साठवलेली, तो सर्व्हरही फाल्कनवाला असला तर तोही बंद!

गुणाकाराला वेसण

यातून सुटायचे रस्ते तीन आहेत, आणि तिन्ही एकाच गणिताच्या वेगवेगळ्या बाजू आहेत.

पहिला रस्ता: बिघाडाला माजघराबाहेर ठेवा. मोठा बदल व्हिस्टाच्या काळातच झाला. ग्राफिक्स ड्रायव्हर दोन सेकंद गप्प बसला, तर विंडोज त्यालाच उचलून पुन्हा उभा करतं. खेळता खेळता पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. पूर्वी तिथे निळी स्क्रीन आली असती. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या त्याच संशोधकांनी ड्रायव्हरभोवती कुंपण घालून पाहिलं होतं, तेव्हा लिनक्सला पाडणाऱ्या ९९ टक्के मुद्दाम घातलेल्या दोषांतून यंत्र आपोआप सावरलं. २०२४च्या धक्क्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांनाही कर्नलच्या बाहेरून पहारा देता यावा असं काम हाती घेतलं. याच बदलांबरोबर २०२५मध्ये निळी स्क्रीन विंडोज ११मध्ये काळी झाली; रंगाचा उपयोग शून्य, बाकीच्याचा खूप.

दुसरा रस्ता: दुरुस्तीलाही गुणाकार शिकवा. ‘क्विक मशीन रिकव्हरी’ या नव्या सोयीत उघडू न शकणारा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या छोट्या विंडोजमध्ये जातो, तिथूनच इंटरनेटला जोडून घेतो आणि मायक्रोसॉफ्टने पाठवलेला उपाय स्वतः बसवतो. १५ मिनिटांचा माणूस त्या हिशेबातून गळून पडतो.

तिसरा रस्ता सगळ्यांत स्वस्त: एकदम सगळ्यांना देऊ नका. ते अपडेट आधी हजार यंत्रांना देऊन तासभर थांबलं असतं, तर हजार यंत्रं पडली असती. त्यांची दुरुस्ती २५० तासांची, म्हणजे एका माणसाचे आठ तासांचे ३१ दिवस. एका बाजूला एक महिना, दुसऱ्या बाजूला ८८५ वर्षं. मधला फरक तासभर थांबण्याचा. क्राउडस्ट्राइकने नंतर टप्प्याटप्प्याने अपडेट देण्याची पद्धत या फायलींनाही लावली आणि ग्राहकाला कधी घ्यायचं ते ठरवायची मुभा दिली.

दुरुस्तीचा खर्च आधी मोजायचा, ही कल्पना वर्ध्याला परकी नाही. १९२९मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी आकड्यांतच होत्या: किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तासांत १६ हजार फूट सूत, वेळेवर देखभाल केली तर यंत्राने किमान २० वर्षं न थांबता चालावं, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे वर्षाला साडेसात रुपये. यंत्र जन्मायच्या आधीच त्याच्या दुरुस्तीला मर्यादा घातलेली. किर्लोस्करवाडीहून आलेला चरखाही परीक्षेला उतरला नाही, बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण परीक्षेत नापास झालेलं यंत्र लाखो घरांत गेलं नाही, हेही खरं. वर्ध्याच्या मगनवाडीतल्या संग्रहालयात चरख्याच्या नाना घडणी पाहताना ही अट आठवावी. ‘किती काम करेल’ याच्या शेजारीच ‘बिघडलं तर कितीला पडेल’ हे लिहिलेलं होतं. आजच्या अपडेटसोबत दुसरा आकडा कुणी देत नाही.

आपल्या टेबलावर

घरच्या कॉम्प्युटरला फाल्कन नसतं, पण निळी किंवा काळी स्क्रीन येतेच. अशा वेळी दुकानातला ठरलेला मंत्र असतो, “फॉरमॅट मारून देतो.” फॉरमॅट, विंडोज, सगळे प्रोग्रॅम, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, टॅली, पुन्हा सगळं बसवायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि फोटो गेले तर ते वेगळेच. दोषी ड्रायव्हर एकटाच असेल, तर दहा मिनिटांचं काम असतं.

पहिल्यांदा पडद्यावरचा स्टॉप कोड मोबाइलवर टिपून घ्या. त्यात ‘.एसवायएस’ अशा शेपटाचं फाइलचं नाव दिसलं, तर तो बहुधा त्या ड्रायव्हरचा पत्ता असतो. मग आठवा: काल-परवा नवीन काय बसवलं? प्रिंटर, वायफायची काडी, ग्राफिक्सचं अपडेट? विंडोज लागोपाठ दोन-तीनदा उघडायला चुकलं, की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून सेफ मोडमध्ये जायचं, म्हणजे फक्त अगदी गरजेचे ड्रायव्हर घेऊन विंडोज उघडतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो भाग शोधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं, की आधीची आवृत्ती परत येते. विंडोज मागची एकच आवृत्ती सांभाळतं, म्हणून हे दुसरं अपडेट टाकायच्या आधी करायचं. तेवढ्याने भागलं नाही तर सिस्टिम रिस्टोर.

ड्रायव्हर घ्यायचा तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून. ‘तुमचे ४७ ड्रायव्हर जुने झाले’ असं ओरडणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांना दारातूनच परतवायचं. ड्रायव्हर जुना असणं हा दोष नाही; चालत असेल तर तो पास झालेलाच आहे. बायोस किंवा ड्रायव्हर बदलताना वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकतं, म्हणून यूपीएस लावूनच हे काम करावं. आणि प्रत्येक निळी स्क्रीन ड्रायव्हरच्या माथी मारू नये. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. पंख्यात कापसाचं बोंड अडकल्यागत धूळ साठलेली असली, की प्रोसेसर तापून यंत्र बसतं. दर वेळी वेगळाच कोड दिसत असेल, तर आधी रॅम तपासावी. विंडोजमध्येच तिची चाचणी मिळते.

आणि जिथे एकापेक्षा जास्त कॉम्प्युटर आहेत, ती शाळा, बँकेची शाखा, जिनिंगचं कार्यालय किंवा कॉलेजची लॅब, तिथे जगातल्या त्या मोठ्या कंपन्यांचं गणित जसंच्या तसं लागू पडतं. ४० कॉम्प्युटर असतील तर नवीन अपडेट आधी दोन यंत्रांना द्या आणि दिवसभर थांबा. बिघडलं तर दोन यंत्रांची अर्ध्या तासाची दुरुस्ती. सगळ्यांना एकदम दिलं आणि बिघडलं, तर दहा तास. बिटलॉकरच्या किल्ल्या कागदावर किंवा वेगळ्या जागी उतरवून ठेवा, त्याच कॉम्प्युटरमध्ये नको. अपडेट विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: हे पहिल्या टप्प्यात किती यंत्रांना देणार, आणि परत फिरवायला यंत्रागणिक किती मिनिटं लागतात? या दोन आकड्यांचा गुणाकार आपल्या माणसांच्या आवाक्यात बसत असेल तर अपडेट घ्यावं. बसत नसेल, तर आधी माणसं वाढवावी किंवा यंत्रांचे गट लहान करावेत.